उंच इमारतीवरून पहिल्यांदाच रॅपलिंग करणाऱ्या घाबरलेल्या माणसांचे फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सेवाभावी संस्थेच्या निधीसाठी शहरातल्या उंच इमारतीवरून रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने भिंतीवरून खाली उतरणं, आहे, उतरणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच दोराला लटकणार आहेत आणि फोटोंची जबाबदारी तुमच्यावर आहे. घाबरलेल्यांना हसवायचं कसं आणि लेन्स कोणत्या न्यायच्या, हे तुम्ही विचारलंय. अशा कार्यक्रमांचे फोटो मी बरीच वर्षं काढतो आहे. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दाचं आहे: हसवू नका. लेन्सचं पुढे सांगतो, पण आधी हे पटायला हवं, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

कठड्यावर पाठ बाहेरच्या बाजूला करून उभं राहायचं आणि प्रशिक्षक म्हणेल तेव्हा मागे, रिकाम्या हवेत बसायचं, हा रॅपलिंगमधला सगळ्यात अवघड क्षण. त्या वेळी शरीराचा प्रत्येक स्नायू पुढे झुकायला बघतो आणि प्रशिक्षक मात्र सांगत असतो की मागे झुका, गुडघे सरळ ठेवा, पाय भिंतीला सपाट टेकवा. तोंड कोरडं पडतं, बोटं गार पडतात, चेहऱ्याचा रंग उतरतो. मग दोर ताणला जातो, हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेला पट्ट्यांचा साज, मांड्यांना आवळतो आणि दोराने आपलं वजन घेतल्याचं कळतं. मीटर-दोन मीटर खाली गेल्यावर बहुतेकांचा चेहरा आपोआप सैल होतो आणि कित्येकांना हसूही येतं. ते कुणी मागून घेतलेलं हसू नसतं. तुम्हाला जे चित्र हवं आहे ते भीती आणि सुटका यांच्या मधल्या या थोड्या सेकंदांत आहे. तिथे तुम्ही वरून ‘स्माईल’ म्हणून ओरडलात तर फोटोत दात दिसतील आणि डोळे मेलेले दिसतील. वर्षभराने तो फोटो बघताना त्या माणसाला आपण तिथे नेमकं काय केलं ते आठवणारही नाही.

ओरडू नका म्हणण्याला याहून मोठं कारण आहे. भ्यायलेल्या माणसाचं लक्ष अतिशय अरुंद होतं. दोन जण एकदम बोलले तर तो दोघांचंही ऐकत नाही. कठड्यावर ऐकायचा आवाज एकच, प्रशिक्षकाचा. हात हलवायला किंवा अंगठा दाखवायला सांगायचा मोह तर पूर्णपणे टाळा. उतरणाऱ्याचा एक हात ब्रेकचा असतो. साधनांप्रमाणे तपशील बदलतो: आठच्या आकाराच्या साध्या डिसेंडरवर (उतरण्याचा वेग आवरणारं, दोरावरचं साधन) त्या हातानेच दोर धरून वेग आवरायचा असतो, तर आपोआप अडकणाऱ्या डिसेंडरवर दांडा सोडला की माणूस जागीच थांबतो. सोबत बहुधा दुसरा, वेगळ्या अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या आधाराला, बांधलेला सुरक्षा दोर असतोच. पण कुठलं साधन आहे, कोणता हात मोकळा आहे, हे ठरवणं फोटोग्राफरचं काम नव्हे. हात हलवलेला फोटो हवाच असेल तर आदल्या दिवशी दोरांच्या पथकाच्या प्रमुखाशी बोला. कुठल्या टप्प्यावर आणि कुणाच्या सांगण्यावरून ते करायचं, हे त्यालाच ठरवू द्या.

मग फोटोग्राफरने बोलायचं कधी? रांगेत. हार्नेस चढवत असताना, हेल्मेटचा पट्टा बसवत असताना, खाली बाकावर वाट बघत असताना. मी कॅमेरा खाली ठेवून जातो, नाव विचारतो, कुणासाठी उतरताय ते विचारतो. निधीसाठी उतरणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा एक कारण असतं. कुणाच्या शर्टावर गेलेल्या आईचा फोटो असतो, कुणी तळहातावर मुलीचं नाव लिहिलेलं असतं, कुणी स्वतः उपचारांतून बाहेर पडलेलं असतं. हे आधी कळलं तर वर गेल्यावर कॅमेरा कुठे वळवायचा ते कळतं. तळहातावरचं नाव हातमोज्याखाली झाकलं जाणार असेल, तर त्याचा फोटो रांगेतच काढावा लागतो. दुसरं एक सांगून ठेवतो: ‘वर मी प्रशिक्षकाच्या खांद्यापाशी असेन. माझ्याकडे बघायची गरज नाही, फक्त त्याचं ऐका.’ एवढ्या एका वाक्याने लोक किती निवांत होतात! आपल्याला कॅमेऱ्यासाठी वेगळं काही करायचं नाही, हे ओझं उतरल्यासारखं असतं. आणि ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं मी म्हणत नाही. भीती वाटणं रास्त आहे आणि सुरक्षेची हमी देणं माझ्या अधिकारात नाही. त्यापेक्षा ‘भीती वाटतेय का?’ असं सरळ विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं.

संमतीचा प्रश्नही इथेच सुटायला हवा. अर्जावर फोटोंसाठी सही घेतलेली असते, पण ती सही करताना माणूस घरी खुर्चीत बसलेला असतो. आपण रडू, थरथरू, किंचाळू हे तेव्हा त्याच्या मनातही नसतं. म्हणून रांगेत पुन्हा तोंडी विचारा. ज्यांना फोटो नको आहेत त्यांच्या हेल्मेटवर विशिष्ट रंगाच्या टेपचा तुकडा लावायला संयोजकांना सांगा, म्हणजे वरच्या आणि खालच्या, दोन्ही फोटोग्राफरना लांबूनच कळतं. वयाने लहान सहभागी असतील तर पालकांची परवानगी वेगळी घ्यावीच लागेल.

काही जण कठड्यापर्यंत जाऊन परत फिरतात. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर लिहिणारे सहसा हे वगळतात. परत फिरणारा माणूस आधीच खजील असतो. देणग्या दिलेल्यांना काय सांगायचं, हा विचार त्याच्या डोक्यात सुरू झालेला असतो. त्या क्षणी शटरचा आवाज ऐकू येणं क्रूर आहे. माझा नियम असा: प्रशिक्षकाने कॅरॅबिनर, म्हणजे दोर हार्नेसला जोडणारी कडी, सोडवायला हात घातला की माझा कॅमेरा खाली. आधीचे फोटो असले तर ते संयोजकांच्या हाती जात नाहीत, फक्त त्या व्यक्तीला दाखवले जातात. ठेवायचे की पुसायचे ते तिने सांगायचं. कधी कधी असा माणूस तासाभराने पुन्हा रांगेत येतो. तेव्हा त्याचा तुमच्यावर विश्वास असेल तर तो तुम्हाला जवळ उभं राहू देतो आणि त्या दिवसाचं सगळ्यात खरं चित्र तिथे मिळू शकतं. पण त्या आशेने त्याच्या मागे लागायचं नाही. तो आला नाही, तरी त्याने निधी जमवलाय आणि गच्चीपर्यंत आलाय. हार्नेस घालून मित्रांसोबत उभा असलेला त्याचा एखादा चांगला फोटो रांगेत काढलेला असेल तर तोही त्याला अभिमानाने पाठवता येतो. म्हणून रांगेतले फोटो कधीही टाळू नका.

आता गच्चीवरची शिस्त. कठड्याजवळ जाणार असाल तर तुम्हालाही हार्नेस आणि अँकरला बांधलेली दोरी हवी, आणि तुमची गाठ पथकातल्या माणसाने तपासलेली हवी. कितीही अनुभव असला तरी. तुमच्या अंगावरची प्रत्येक वस्तू बांधलेली हवी: कॅमेऱ्याला गळपट्ट्याशिवाय दुसरी दोरी, लेन्सचं हूड टेपने पक्कं, झाकणं खाली ठेवून आलेली, खिसे रिकामे, मोबाइल चेन लावलेल्या खिशात. शंभर मीटरवरून पडलेली जड वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, साडेचार सेकंदांत खाली पोचते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे 160 किलोमीटर असतो. खाली तुमचाच सहकारी आणि उतरणाऱ्यांची माणसं वर बघत उभी असतात. म्हणून कठड्यापाशी लेन्स बदलायची नाही, कार्ड बदलायचं नाही. दोन कॅमेरे न्या, एकावर 16-35 मिलिमीटरची लेन्स, दुसऱ्यावर 24-70. फोटोग्राफर दोन असतील तर वरच्याने 24-70 वर भागवावं आणि 70-200 किंवा 100-400 खालच्याला द्यावी.

वर उभं कुठे राहायचं? माणूस कठड्यावर असतो तेव्हा त्याचं तोंड गच्चीकडे आणि नजर प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर खिळलेली असते. लेन्स प्रशिक्षकाच्या खांद्याच्या अगदी जवळ ठेवली की ती नजर काही न सांगता लेन्सशेजारून जाते. बघणाऱ्याला वाटतं, तो आपल्याशीच डोळे भिडवतोय. कॅमेरा खाली धरलात तर मागे नुसतं आकाश येतं आणि उंची नाहीशी होते. तो डोक्यावर उचलून खाली झुकवलात तर चेहऱ्यामागे रस्ता, गाड्या, माणसांचे ठिपके येतात. उंची दाखवायची तर ते हवंच. इथे ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) फार उघडू नका; एफचा आकडा लहान, तितकं ते जास्त उघडं. 24 मिलिमीटरवर एफ 8 ठेवलं आणि चेहऱ्यावर फोकस केला तर खालचा रस्ता किंचित मऊ दिसतो पण ओळखू येतो. एफ 2.8 वर विशेषतः लांब लेन्सने त्याचा रंगीत धूर होतो आणि शंभर मीटरची मेहनत एखाद्या भिंतीवरची वाटते. चेहरा चौकटीच्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका. रुंद लेन्स कोपऱ्यात चेहरा ओढून लांबट करते, आणि आधीच ताणलेला चेहरा मग विद्रूप दिसतो.

दुसरी जागा कठड्याच्या कडेला, चार-पाच मीटर बाजूला. इथून कडेचा चेहरा, मागे झुकलेलं शरीर, ताणलेला दोर आणि भिंत व माणूस यांच्यातली फट असं सगळं एकत्र दिसतं. प्रशिक्षक ज्याला ‘एल पोझिशन’ म्हणतात, म्हणजे पाय भिंतीशी काटकोनात आणि धड सरळ, ती या बाजूनेच उठून दिसते. घाबरलेल्यांना ती क्वचितच जमते. ते गुडघे वाकवून भिंतीला बिलगतात. मला ते फोटोही आवडतात. त्यात लबाडी नसते.

फोकसची एक अडचण नक्की येते. चेहऱ्यासमोरून दोन दोर जातात, हेल्मेटचे पट्टे गालांवर असतात, आणि डोळा शोधणारी स्वयंचलित यंत्रणा गडबडून दोरालाच पकडते. लहान एक बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवणं जास्त भरवशाचं. शटर 1/500 च्या खाली नको, आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरा. उजेडाची मोजणी चेहऱ्यावरून करा. मागे उजळ आकाश आणि हेल्मेटच्या कडेची सावली असल्यामुळे कॅमेऱ्याचा स्वतःचा अंदाज चेहरा काळवंडून टाकतो. ते जमलं नाही तर कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत काढा. फ्लॅशने हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण कठड्यावर पाय शोधणाऱ्याच्या डोळ्यांत लख्ख उजेड मारणं मी कधीच मान्य करणार नाही.

आता या कामातली सगळ्यात मोठी अडचण, जी पहिल्यांदा करणाऱ्याच्या लक्षात घरी परतल्यावर येते: उतरणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं. कठड्यावरून दिसेनासा झाल्यापासून जमिनीवर पोचेपर्यंत खालच्या फोटोग्राफरला पाठ, हेल्मेट आणि हार्नेसचे पट्टे एवढंच दिसतं. इमारतीच्या पायथ्याशी उभे राहिलात तर त्याहून वाईट. शंभर मीटर उंच भिंतीपासून वीस मीटरवर उभं राहून वर बघितलं तर मानेचा कोन जवळजवळ 79 अंश होतो, म्हणजे बुटांचे तळवे आणि मांड्यांचे पट्टे. हार्नेसने कपडे वर सरकलेले, आवळलेले असतात. तिथून काढलेले बहुतेक फोटो त्या व्यक्तीला लाज आणणारे ठरतात, तेव्हा ते निवडीतून काढून टाका. इमारतीच्या उंचीइतकं अंतर मागे गेलात तर कोन 45 अंशांवर येतो आणि शरीर शरीरासारखं दिसतं. तिथून वरच्या टोकाचं तिरकं अंतर 140 मीटरच्या आसपास होतं. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर, आडव्या चौकटीत, 200 मिलिमीटरला सुमारे 17 मीटर उंचीचा पट्टा मावतो, म्हणजे माणूस त्याच्या दशांशाएवढा. भव्य इमारत आणि चिमुकला माणूस हे चित्र त्यातून छान मिळतं. व्यक्ती ओळखू यायला हवी असेल तर 400 लागेल, आणि तीही माणूस निम्मं अंतर उतरून आल्यावर जास्त उपयोगी पडते. बाजूला, जितकं कडेला जाता येईल तितकं जा, म्हणजे निदान गालाची रेषा तरी मिळेल. रस्त्यापलीकडच्या इमारतीत मधल्या मजल्यावर जागा मिळाली तर ती कसल्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाची. उंची तिथून समोरासमोर दिसते.

पण माझी सगळ्यात आवडती जागा आतली आहे. इमारतीला काचेची भिंत असेल तर वरून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची खोली आधी परवानगी घेऊन मिळवा. उतरणारा ज्या काचेकडे तोंड करून उतरतो त्याच काचेच्या आत तुम्ही. भीती ओसरून चेहरा सैल झालेला असतो, मागे सगळं शहर पसरलेलं असतं आणि हा चेहरा बाहेरून कुणालाच दिसणार नसतो. खोलीतले दिवे बंद करा, गडद कपडे घाला, रबरी हूड काचेला टेकवा किंवा लेन्सभोवती काळं कापड गुंडाळा, नाहीतर काचेत तुमचंच प्रतिबिंब येईल. रंगीत किंवा आरशासारखी काच उजेड बराच खाते आणि चेहऱ्यावर हिरवट-निळसर छटा आणते. पांढऱ्या कागदाचा एक फोटो त्याच काचेतून, म्हणजे कागद बाहेर धरून, काढता आला तर रंग नंतर जुळवता येतात. ते जमत नसेल तर त्वचेच्या रंगावरून हाताने जुळवा. बाहेरून आतलं दिसत नाही, त्यामुळे अचानक कॅमेरा दिसून माणूस दचकत नाही. पण म्हणूनच रांगेत सांगून ठेवायला हवं की अमुक मजल्यावर काचेमागे फोटोग्राफर असेल. न सांगता काढलेला इतका जवळचा फोटो चोरलेला असतो.

बाहेरून काचेची इमारत काढताना पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावावा का, हे हमखास विचारलं जातं. काचेवरचं प्रतिबिंब तो सगळ्यात जास्त कापतो ते काचेच्या लंबापासून साधारण 56 अंशांच्या कोनात. काचेकडे समोरून बघताना त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो आणि उजेड मात्र दीड-दोन स्टॉप जातो. शिवाय प्रतिबिंब कापावं कशाला? काचेवर उतरणाऱ्या माणसासमोर त्याचीच प्रतिमा पाय टेकवून उतरत असते. बाजूने काढलं तर दोघं एकमेकांकडे तोंड करून असतात. ते जाऊ देऊ नका.

उजेडाचा अंदाज एक दिवस आधी, त्याच वेळेला, तिथे उभं राहून घ्या. भिंत फिकट रंगाची असेल तर उन्हात ती स्वतःच परावर्तक होते आणि तिच्याकडे वळलेल्या चेहऱ्यावर मऊ उजेड टाकते. गडद काच तसं काही करत नाही. दोर बांधताना पथकातला माणूस चाचणीसाठी उतरतोच, तेव्हा सगळ्या जागांवरून फोटो काढून बघा.

खालच्या फोटोग्राफरने दोन गोष्टी विसरू नयेत. एक, वर बघणारी माणसं. मुलगा उतरत असताना बापाचा चेहरा, मुठीत धरलेली ओढणी, तोंडावर गेलेला हात. उतरणाऱ्याला हे दिसत नाही, त्यामुळे हा फोटो त्याच्यासाठी बातमीच असते. दुसरी, पाय टेकल्यानंतरचा वेळ. दोर सोडवेपर्यंत मनगटं लटपटत असतात, गुडघे धरत नाहीत, कुणी खाली बसतं, कुणी भिंतीलाच हात लावून उभं राहतं. आत उसळलेलं सगळं उतरायला काही मिनिटं जातात. लोक मिठीचा फोटो काढतात आणि कॅमेरा फिरवतात. तुम्ही मिठी सुटल्यानंतरही थांबा. माणूस एकटा मान वर करून आपण कुठून आलो ते बघतो, ते तेव्हाच. फक्त आखलेल्या पट्ट्याच्या आत जाऊ नका, तिथे वरून काहीही पडू शकतं.

क्रमांकाची चिठ्ठी छातीवर किंवा हेल्मेटवर दिसेल अशी लावून घ्या आणि प्रत्येकाचा पहिला फोटो त्या क्रमांकाचाच काढा. सगळ्यांचे हेल्मेट, सगळ्यांचे हार्नेस सारखे, पाठमोरे फोटो नंतर कुणाचे ते ओळखणं अशक्य होतं. वर-खाली वॉकीटॉकी असेल तर ‘क्रमांक बारा, डावा दोर’ एवढं सांगितलं तरी पुरतं. बोलायचं मात्र माणूस कठड्यावरून खाली गेल्यावर.

निवडताना प्रत्येकाचे तीन फोटो पुरेसे धरा: कठड्यावरचा, भिंतीवरचा आणि जमिनीवरचा. क्षितिज तिरकं करून किंवा भिंत ताणून उंची वाढवू नका, तो माणूस खरोखर तिथून उतरलाय. रडलेला किंवा चेहरा वाकडा झालेला फोटो आधी त्या व्यक्तीला एकट्याला पाठवा. कित्येकदा तोच त्यांना सगळ्यात प्रिय असतो, पण ते ठरवण्याचा हक्क त्यांचा. फोटोखाली ‘घाबरलेली अमुक’ असं लिहू नका. नाव, दिवस आणि कुणासाठी उतरली ते लिहा. आणि फोटो त्याच संध्याकाळी पोचवा, मोबाइलवरून लगेच पुढे धाडता येतील अशा लहान आकारात. उतरून आल्याचा पुरावा बघून आणखी देणगी देणारे बरेच असतात, आणि त्यांचा उत्साह आठवडाभर टिकत नाही. मोठ्या फाइली नंतर सावकाश दिल्या तरी चालतात.